समुद्राकाठून खडकाच्या गावी

बंगळूरला समुद्र नाही ना, हे इंदूने निघण्यापूर्वी मला पुन्हा पुन्हा विचारून पक्कं करून घेतलं होतं. इंदू माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती परकरात होती, आता तिशीला टेकली होती. आमचं घर दापोलीकडच्या किनाऱ्यावर, पुळणीला लागून. नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीपलीकडे थेट पाणी. गेली काही वर्षं तो समुद्र दर पावसाळ्यात वाडीतली थोडी जमीन घेऊन जात होता. एका वर्षी पश्चिमेची माडांची ओळ आडवी झाली, पुढे तिच्या मागची. इंदू चैत्रात गडी हाताशी घेऊन जांभ्या दगडांचा गडगा रचायची आणि आषाढातल्या उधाणात समुद्र तो गडगा मोडून टाकायचा. त्यापायी तिने सांगून आलेली स्थळं परत पाठवली. "मी गेले तर आप्पांच्या वाडीकडे कोण बघणार?" हे तिचं ठरलेलं उत्तर. आप्पा म्हणजे माझे सासरे. ते वाडीकडे बघत ओटीवर बसून असत, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना "यंदा समुद्र मागे हटेल" असं सांगून जाई. आम्ही घरचेही तेच सांगत होतो.

माझा थोरला भाऊ बंगळूरला सरकारी कारखान्यात नोकरीला आहे. त्याला मुलगी झाली, म्हणून गेल्या कार्तिकात भातं झोडून झाल्यावर मी निघाले आणि सोबत म्हणून इंदूला घेतलं. दादाने तिच्यासाठी तिथे एक स्थळ पाहून ठेवलं होतं, हे मी तिला हुबळी सोडल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती घरातूनच निघाली नसती.  ऐकून ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

बघण्यासारखंही होतं. हुबळीपर्यंत जमीन काळी, शाईसारखी, तिच्यात कापसाची पांढरी बोंडं फुटलेली. मग दावणगिरी मागे पडली आणि हळूहळू माती तांबूस होऊ लागली. अरसीकेरेच्या पुढे तर ती आमच्या मातीसारखी लाल झाली, पण त्या मातीतून जे वर आलं होतं ते आमच्याकडे नाही. हत्तीएवढे, घराएवढे गोल धोंडे, एकावर एक, कुणी तोलून ठेवल्यासारखे. प्रत्येक वळणावर वाटे, आता हा वरचा कोसळणार. गाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईला मी हातवारे करून तसं विचारलं. तिने हसून कानडीत काहीतरी सांगितलं आणि पुडीतले भाजलेले हरभरे माझ्या ओच्यात घातले.

के. आर. पुरमच्या बाजूला

दादाचं घर के. आर. पुरमच्या बाजूला, कारखान्याच्या वसाहतीत. सगळं नवं, रस्ते सरळ, झाडं अजून कमरेएवढी. डिसेंबर लागला नव्हता तरी सकाळी शाल लागे, आणि दुपारी उन्हात बसलं तरी घाम येत नसे. आमच्याकडे त्या दिवसांतही दुपारी अंगाला चिकटणारी हवा असते. वहिनीने पहिल्या दिवशी पितळी पेल्यात कॉफी दिली. ती वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत ओतून निववायची, हे मला जमेपर्यंत अर्धी कॉफी पदरावर सांडली.

इंदूचं लक्ष मात्र कुंपणाने वेधलं. वसाहतीच्या मागच्या शेतांना काटेरी कुंपण नव्हतं, दगडी होतं. माणसाच्या उंचीचे, चार बोटं जाडीचे करड्या दगडाचे पत्रे जमिनीत उभे पुरलेले, लाकडी फळ्या असाव्यात तसे. इंदूने त्यांच्यावरून हात फिरवला.

"इतका पातळ दगड कापला कसा असेल, दादा?" तिने विचारलं.

दादा म्हणाला, "ते आता बसवनगुडीला स्थळाकडे जाऊ तेव्हा विचार. त्यांचं कामच ते आहे."

म्हणजे स्थळ खडकांच्या खात्यातलं होतं. श्रीधर नाव. वर्षातले सहा-सात महिने तंबूत राहून सरकारसाठी डोंगर तपासायचे, त्यामुळे लग्न राहून गेलेलं. घरी आई आणि तो, दोघंच.

बसवनगुडी

आम्ही गेलो त्या दिवशी बसवनगुडीत शेंगांची जत्रा होती. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आसपासचे शेतकरी नव्या भुईमुगाच्या शेंगा आणून आधी इथल्या मोठ्या दगडी नंदीला दाखवतात आणि मग रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग घालून विकतात. भाजलेल्या, उकडलेल्या, कच्च्या, सगळ्या तऱ्हेच्या शेंगा. पायाखाली टरफलांचा इतका थर की चालताना करकर वाजे. नंदी एकाच खडकातला, तेल लावून लावून काळा झालेला. आमच्या शंकराच्या देवळातला नंदी मांडीवर घेता येईल एवढा आहे. इथे मी त्याच्या गुडघ्याशी उभी राहून मान वर करून पाहत होते.

श्रीधरच्या आईला आळीतले सगळे अक्का म्हणत, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. मूळच्या धारवाडच्या. दारातच त्यांनी माझे हात धरले. "या की बाई, दमून आलात. स्वल्प टेका. हुळी, आमची आमटी हो, होतच आली."

त्यांची मराठी ऐकत राहावी अशी होती. मी म्हटलं, "तुम्ही इथे येऊन पुष्कळ वर्षं झाली असतील."

"मी पोराच्या नोकरीपायी आले. पण आमचं धारवाड बघा, गेल्या साली बसल्या जागी म्हैसूर राज्यात आलं. घर तिथंच, विहीर तिथंच, राज्य तेवढं हललं." हे सांगताना त्या एवढ्या शांतपणे कोसंबरीला फोडणी देत होत्या की मला हसू आलं.

पानं मांडून झाली तरी मुलाचा पत्ता नव्हता. तो आला तो पंच्यात शेंगा बांधून, दोन्ही हात मातीने माखलेले. उंच, उन्हाने रापलेला, कानांवरचे केस पांढरे होऊ लागलेले. आम्हाला नमस्कार करायचा तर हात घाण, म्हणून त्याने नुसती मान लववली आणि पंचा जमिनीवर सोडला. मुलगी पाहायला आलेला माणूस मुलीकडे पाहतो. याने एक शेंग उचलून तिला चिकटलेली माती बोटांवर चोळली.

"ही कोलारकडची. आणि ही मागडीची. रंग बघा, वेगळे आहेत."

अक्कांनी कपाळाला हात लावला. इंदूने मात्र पुढे होऊन दोन्ही शेंगा घेतल्या आणि म्हणाली, "मागडीच्या मातीत वाळू जास्त आहे."

तेव्हा त्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

जेवताना तिने कुंपणाच्या दगडांचं विचारलं. उघड्या खडकावर लाकडं पेटवतात, त्याने सांगितलं, आणि जाळ हळूहळू पुढे सरकवत नेतात. तापलेला वरचा थर फुगतो आणि खालच्या थंड खडकापासून सुटतो. वरून ठोकलं की सुटल्या जागी आवाज पोकळ येतो. "मग तो पत्रा पहारीने उचलायचा. ऊन आणि थंडी हेच काम करतात, फक्त त्यांना घाई नसते."

लालबाग

त्याच दुपारी तो आम्हाला लालबागेत घेऊन गेला. बाग सुंदरच आहे, काचेचं घर, गुलाबांचे ताटवे, आमच्या वाडीतली सगळी झाडं मावतील एवढं तळं. पण श्रीधर कुठे न थांबता आम्हाला सरळ एका उघड्या खडकावर घेऊन गेला. हत्तीच्या पाठीसारखा तो खडक बागेच्या मधोमध वर आला आहे, आणि माथ्यावर एक जुना छोटा बुरूज आहे. लोक वर जाऊन शहर बघत होते. आम्हाला त्याने खाली बघायला लावलं.

खडकात काळे-पांढरे पट्टे होते. सरळ नव्हेत, वळलेले, दुमडलेले, काही ठिकाणी स्वतःवरच परत फिरलेले. दोन रंगांची कणीक एकत्र मळताना अर्ध्यात सोडली तर दिसेल तसे.

"हा दगड असा मऊ कधी होता?" मी विचारलं.

"जमिनीखाली खूप खोल होता तेव्हा. तिथल्या उष्णतेने आणि दाबाने तो वाकला. त्याच्यावर डोंगर होते, ते सगळे झिजून गेले आणि हा उघडा पडला. पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांतला आहे. तुमच्या कोकणातला काळा कातळ याच्यापुढे परवाचा."

मी चपला काढल्या. देवळात काढतो तसं काही मनात आणून काढल्या नव्हत्या, पण काढल्यावर बरं वाटलं. खडक उन्हाने कोमट झाला होता. इतकी पुरातन वस्तू पायाखाली घेऊन शहरातली पोरं तिच्यावरून घसरगुंडी खेळत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मला ते फार आवडलं. इंदू एका पट्ट्यावर बोट ठेवून तो कुठवर जातो ते बघत वाकून चालत गेली, आणि श्रीधर तिच्या मागून, तिला अडथळा होणार नाही एवढं अंतर ठेवून.

नंदीचा डोंगर

पुढच्या रविवारी आम्ही नंदीच्या डोंगरावर गेलो. अक्कांचे गुडघे दुखत होते, दादाची त्या रविवारी पाळी होती, म्हणून इंदू, श्रीधर आणि मी. बस हेब्बाळच्या तळ्यावरून गेली. काठच्या उथळ पाण्यात बगळे उभे होते. पुढे द्राक्षांचे मांडव, बटाट्याची शेतं, रेशमाच्या किड्यांसाठी लावलेली तुती.

डोंगराच्या पायथ्याशी रस्त्यासाठी दरड कापली होती. तिथे श्रीधर थांबला. वर हातभर लाल माती, तिच्यात गवताची मुळं. खाली पिवळट, भुसभुशीत काहीतरी. त्याखाली खडक.

"मधलं काय आहे ते बघा," तो इंदूला म्हणाला.

तिने डोक्यातला आकडा काढून त्यात खुपसला. तो लोण्यात जावा तसा गेला. आणि त्या भुसभुशीत थरात लालबागेतले तेच पट्टे दिसत होते, जसेच्या तसे, फक्त हात लावला की त्यांचं पीठ होत होतं.

"हा खडकच आहे," श्रीधर म्हणाला. "कुजलेला. पाणी आत मुरतं आणि त्याला आतून मऊ करतं. अजून मऊ झाला की वरची लाल माती होते. मग तिच्यात शेंगा लावायच्या."

आपण खातो ते अन्न शेवटी खडकातून येतं, हे मला या वयात त्या दरडीसमोर उभं राहून कळलं. भाताच्या खाचरात जन्म गेला, पण चिखल आला कुठून हे कधी मनात आलं नव्हतं.

पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा ढग डोंगरावरून सरकत होते. माथ्यावरचा खडक कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटत चाललेला. पावसाच्या पाण्याने त्याच्यात ताटाएवढे खळगे पडले होते. आम्ही एका सपाट जागी बसलो, मी अक्कांनी दिलेल्या चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या आंबट भाताचा डबा पिशवीतून काढून बाजूला ठेवला आणि पाणी ओतून घ्यायला वळले. तेवढ्यात एक माकडीण आली आणि डबा घेऊन कड्यावर जाऊन बसली. झाकण तिने माझ्यापेक्षा लवकर उघडलं. दुपारभर आम्ही श्रीधरच्या खिशातल्या शेंगांवर राहिलो. डबा गेल्याचं त्या दोघांच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण इंदू तेव्हा त्याला आमच्या समुद्राविषयी विचारत होती.

तिने विचारलं होतं, "आमची वाडी राहील का?"

 "मी खडकांतला माणूस, किनारे मी थोडे पाहिलेत. आधी तुम्ही काय पाहिलंय ते सांगा."

मग ती सांगू लागली. टरफलं मांडून तिने खडकावर आमचा किनारा काढला, इकडे वाडी, तिकडे खाडीचं तोंड. पावसाळ्यात वाळू कुठून जाते, दिवाळीनंतर किती परत येते, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कधीपासून वाढू लागला. तो मध्येच विचारी, "दांडा कोणत्या अंगाला वाढतो?" ती म्हणे, "उत्तरेला. आणि तो वाढायला लागल्यापासून आमची वाळू पूर्ण परत येत नाही." इतक्या वर्षांत इंदू एवढं बघत होती हे मला ठाऊक नव्हतं. घरात कुणी तिला विचारलंच नव्हतं. तिचा आवाज स्वच्छ झाला होता, गाल लाल झाले होते, आणि मी मनातल्या मनात अक्षता निवडायला लागले होते.

तिचं सांगून झाल्यावर श्रीधर टरफलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "या जागी वाडी राहील असं मला वाटत नाही."

इंदूने वाडीच्या जागचं एक टरफल उचलून मुठीत धरलं.

"तुमचा किनारा मी पाहिलेला नाही. पण तुम्ही बारकाईने सांगितलंत, त्यावरून तरी असंच दिसतं. वाळू तिकडे चालली आहे. आणि गडगा घालू नका. लाट दगडावर आपटते आणि मागे फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. गडग्याने वाडीचं थोडं नुकसानच होत असेल."

इंदू उठली आणि कड्याच्या कठड्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मला त्या माणसाचा राग आला. तिने हातांची सालं काढून तो गडगा रचला होता.

"हे जरा हळुवार सांगता आलं नसतं का?" मी म्हटलं.

"आलं असतं, वहिनी," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पण मग त्या येत्या चैत्रात पुन्हा दगड उचलायला गेल्या असत्या."

संध्याकाळच्या बसने आम्ही परतलो. बसवनगुडीत अक्कांनी आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं आणि झाला प्रकार माझ्याकडून काढून घेतला. मग मुलाला म्हणाल्या, "बघायला आलेल्या मुलीला असं सांगत्यात काय रे?"

"तिने विचारलं, आई."

अक्का सुस्कारा टाकून आत गेल्या आणि आमच्यासाठी पुन्हा भात टाकला. मी धरून चालले की हे स्थळही गेलं.

शेवटची भेट

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू दादाच्या तान्हीला उन्हात घेऊन बसली होती. मी जवळ जाऊन बसले. ती आपणहून म्हणाली, "वहिनी, वाडी जाणार हे मला कधीचं ठाऊक होतं. गडग्याचं ठाऊक नव्हतं."

"मग रचत का राहिलीस?"

"आप्पा ओटीवर बसून बघत असायचे. काहीतरी करताना दिसायला नको का मी त्यांना?"

थोड्या वेळाने म्हणाली, "मला एकदा बसवनगुडीला जायचंय. मीच बोलेन."

आम्ही गेलो तेव्हा श्रीधर दारात उभा राहिला आणि बाजूला झाला, जणू रागवायलाच आलो आहोत. इंदू ओसरीवर उभ्याउभ्याच म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे यायचं. किनारा बघायचा, आणि जे दिसेल ते आप्पांना सांगायचं. मला सांगितलंत तसंच. ते म्हातारे आहेत म्हणून शब्द बदलायचे नाहीत."

"वैशाखात रजा मिळेल," तो म्हणाला. "बघितल्यावर माझं मत बदललं तर?"

"तर ते सांगा."

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बाई, हे होय म्हणायचं का नाही म्हणायचं?"

मी म्हटलं, "आमच्या इंदूचं होय असंच असतं."

"सरी, बरं तर," अक्का म्हणाल्या आणि कुंकवाचा करंडा आणायला आत गेल्या.

घरी

वैशाखात तो आला. बोटीतून उतरला तेव्हा चार दिवसांची दाढी आणि खांद्यावर पिशवी, तीतून हातोडीचा दांडा बाहेर आलेला. समुद्र पाहून आधी तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग ओहोटीच्या वेळी आप्पांना घेऊन पुळणीवरून खाडीच्या तोंडापर्यंत गेला. इंदू त्यांच्याबरोबर गेली नाही, मागच्या दारी धुणं धूत राहिली. ते परतले तेव्हा आप्पा पुढे होते, श्रीधर मागे. जे सांगायचं ते त्याने सांगितलं होतं, आप्पांच्या पावलांवरूनच ते कळलं.

पुढचे दोन दिवस आप्पा जेवायला आले तेवढेच. बाकी वेळ वाडीत एकेका माडाला हात लावत फिरत होते. आमचे हे श्रीधरवर घुश्शातच होते, "एवढं खरं कशाला हवं होतं" म्हणत होते. मला मात्र एक जाणवत होतं. आप्पा ओटीवर बसले नव्हते. कित्येक वर्षांत ते वाडीत असे पायी फिरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर आप्पांनी काठी घेतली आणि श्रीधरला म्हणाले, "चला."

आम्ही सगळेच मागून गेलो. घरामागून वर सड्याकडे, माथ्यावरच्या कातळी पठाराकडे जाणारी चढण आहे, तिथे आमचा एक पडीक तुकडा आहे, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला. समुद्र तिथून दिसतो, पण त्याचा आवाज वाऱ्याबरोबरच येतो. आप्पा मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि काठीने जमीन ठोकली.

"इथे घर बांधलं तर चालेल. वरती जांभा, खाली काळा कातळ. पाणी त्यांच्या मध्ये कुठेतरी असतं एवढं मला कळतं. विहीर कुठे खणायची ते तुम्ही दाखवा, जावईबापू."

श्रीधरने खाली वाकून एक खडा उचलला, फोडून पाहिला, आणि म्हणाला, "मला एक दिवस द्या. फिरून बघतो."

"सावकाश बघा," आप्पा म्हणाले. "आणि पाणी नसेल, तर तसंही सांगा."